कायद्याच्या यादीत नणंद नाही

नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यातले 'जवळचे नातेवाईक' इथे संपतात. मावशी, मामा, चुलतभाऊ त्यात नाहीत. नणंद नाही, भावजयही नाही. मी माझ्या नणंदेला किडनी दिली, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने एका परक्या बाईने दुसऱ्या परक्या बाईला दिली. असं दान फक्त आपुलकीपोटी किंवा तशाच काही खास कारणासाठी करता येतं, आणि त्याला ऑथोरायझेशन कमिटीची आधी परवानगी लागते. आम्ही धावपळ करत होतो तेव्हा या कमिटीबद्दल डॉक्टरांच्या भाषेत भरपूर सापडलं, घरच्या माणसाच्या भाषेत काहीच सापडलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते. मी कराडला राहते, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते, त्यामुळे वैद्यकीय गोष्टी मला जशा कळल्या तशाच सांगते.

ताई, म्हणजे माझी नणंद, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलेलं नाही, आमच्यातच राहते. बीपीची गोळी ती कधी घ्यायची, कधी विसरायची, आणि त्यातच दोन्ही किडन्या गेल्या. जून २०२३ ला डायलिसिस सुरू झालं. पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयवांसाठीची प्रतीक्षायादी सांभाळणाऱ्या विभागीय केंद्राकडे, मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवलं, पण ती रांग वर्षांच्या हिशेबात चालते. नवऱ्याला मधुमेह आहे, त्यामुळे तो पहिल्याच भेटीत बाद. सासूबाईंचं वय त्र्याहत्तर. म्हणजे घरात राहिलो मी आणि माझा एकोणीस वर्षांचा मुलगा. आम्हा दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह, ताईचाही ओ.

त्या दिवाळीत भाऊबीजेला सगळे जमलेले असताना एक चुलत सासरे सहज म्हणाले, "पोरगा तरणाताठा आहे, त्याला काय होतंय एक किडनी दिली तर?" कुणी काही बोललं नाही. ताई तर उठूनच गेली. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, मी देते.

तपासण्या जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी एक गोष्ट नवीन कळली. ताईचे किडनीचे डॉक्टर वेगळे आणि माझे वेगळे. मला वाटलं फीसाठी असेल. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांचे डॉक्टर त्यांना किडनी मिळावी म्हणून झटणार. तुमची किडनी तुमच्याकडेच राहावी असं वाटणारा एक डॉक्टर नको का?" पुढे सासूबाईंनी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे प्रत्यारोपणाची कागदपत्रं आणि तारखा बघणाऱ्या बाईला, फोन करून "आमच्या सुनेचे रिपोर्ट कसे आले?" असं विचारलं, तेव्हा तिने गोड आवाजात नाही म्हणून सांगितलं. दात्याचे रिपोर्ट दात्यालाच. ताईलासुद्धा मी सांगितले तेव्हाच कळले.

रक्त, लघवी, सोनोग्राफी, इको, मॅमोग्राफी, मग एचएलए आणि क्रॉसमॅच, म्हणजे ताईचं शरीर माझी किडनी झिडकारेल का ते बघणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. त्यानंतर डीटीपीए स्कॅन, यात कोणती किडनी किती काम करते ते कळतं, आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी, किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला. माझ्या एकटीच्या तपासण्यांना साधारण पंचावन्न हजार गेले. सगळ्या एकदम करू नका. रक्तगट, साखर, लघवीतलं प्रोटीन आणि क्रॉसमॅच या आधी होऊ द्या, महागड्या नंतर. आधीच्या कशात अडलं तर पुढचे पैसे वाचतात.

डीटीपीएत माझी डावी अठ्ठेचाळीस टक्के आणि उजवी बावन्न टक्के काम करते असं आलं. सर्जन म्हणाले, डावी काढू. दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडे ठेवायची, हा नियम. वर डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही आजारी नाही. त्यामुळे मी तुम्हाला बरं करू शकत नाही, फक्त बिघडवू शकतो. म्हणून तुमच्या बाबतीत मी जास्त घाबरट आहे." दात्याच्या जिवाला धोका दहा हजारांत साधारण तिघांना, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. नंतर वाचलं की १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, तेव्हाही हाच पेच होता. धडधाकट माणसाला त्याचा स्वतःचा काही फायदा नसताना कापायचं, हे डॉक्टरकीत बसतं का? 'रुग्णाचं नुकसान करू नका' हे तत्त्व आणि 'रुग्णाचं भलं करा' हे तत्त्व इथे दोन वेगवेगळ्या बेडवर झोपलेली असतात. त्या दोघांमध्ये डॉक्टरांच्या हातात एकच दोर उरतो, तो दात्याच्या राजीखुशीचा. म्हणून सगळी यंत्रणा त्या राजीखुशीवर इतकी तुटून पडते.

ते मला फेब्रुवारीत मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे कळलं. मला एकटीला आत घेतलं, नवऱ्याला बाहेर बसवलं. मी उत्तरं पाठ करून गेले होते. मॅडमनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "तुम्ही नाही म्हणालात तर घरात काय होईल?"

मी म्हटलं, काही नाही होणार. मग थोड्या वेळाने म्हटलं, मुलाकडे बघतील.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही, पेन बाजूला ठेवलं. मुलाचं वय विचारलं. म्हणाल्या, "एकोणीस वर्षांच्या, अजून शिकणाऱ्या, नात्याने भाचा असलेल्या मुलाला आमची टीम दाता म्हणून घेणार नाही. तुम्ही दिलीत तरी नाही आणि नाही दिलीत तरी नाही. हे मी तुमच्या घरच्यांनाही सांगेन. आता मुलगा यातून वजा करा आणि परत ठरवा."

आणि मग दुसरी गोष्ट. नको वाटलं तर फक्त त्यांना कळवायचं. घरच्यांना 'दाता म्हणून फिट नाहीत' एवढंच सांगितलं जाईल, कारण सांगणार नाहीत. मी विचारलं, मॅडम, हे खोटं नाही का? त्या हसल्या. "मनाची तयारी नसलेली बाई फिट नसतेच. यात खोटं काय आहे?"

मी मुदत मागून घरी आले. इथे खरं सांगते, मुलगा वजा केल्यावर पहिले काही दिवस मला खूप हलकं वाटलं आणि किडनी देण्याची काही इच्छा उरली नाही. ताईशी बोलणं टाळत होते. ती मात्र डायलिसिसहून आली की झोपायची आणि उठून वह्या तपासायची. एकदा मला म्हणाली, "अगं, तू अशी चोरासारखी फिरू नकोस. नको तर नको. माझं चाललंय." तिचं चाललेलं नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं. मार्च लागता लागता मी मॅडमना फोन केला की देते. या वेळी हो म्हणण्यामागे मुलाची भीती नव्हती. मॅडमनी पुन्हा बोलावून तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा उत्तरं पाठ करावी लागली नाहीत.

आता कागदपत्रं. नात्याबाहेरच्या दात्यासाठी फॉर्म ३ असतो, आणि परवानगीचा दोघांचा मिळून अर्ज म्हणजे फॉर्म ११. फॉर्म ३ नोटरीपुढे करायचा. फोटो चिकटवून त्यावर अर्धा आत अर्धा बाहेर असा शिक्का-सही, आणि नोटरीच्या रजिस्टरमध्येही आपली सही झालीच पाहिजे. हे फॉर्मवरच लिहिलेलं असतं, तरी घाईत राहून जातं. आमच्या आधीच्या एका कुटुंबाची फाइल तेवढ्यासाठी परत गेली होती. दाता आणि रुग्ण दोघी महाराष्ट्रातल्याच असल्यामुळे रहिवासाच्या पडताळणीचा वेगळा फॉर्म आम्हाला लागला नाही. परराज्यातलं कुणी असेल तर तो लागतो.

दोघींचा संबंध सिद्ध करायचा म्हणजे आधी माझं लग्न सिद्ध करायचं. लग्न २००३ चं, नोंदणी कधी केलीच नव्हती. नगरपरिषदेत उशिराची नोंदणी झाली, तीन साक्षीदार उभे केले. लग्न लावणारे गुरुजी आता हयात नाहीत, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. रेशनकार्डावर ताईचं आणि माझं नाव एकत्र आहे, ते फार उपयोगी पडलं. कमिटी जुने फोटोही मागते, दोघी एकत्र असलेले आणि वेगवेगळ्या वर्षांतले. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्लास्टिकचा कागद फोटोंना चिकटून बसला होता. हेअर ड्रायर लावून तो सोडवला. करवलीच्या वेशातली ताई निघाली, पण तिच्या कपाळाचा भाग प्लास्टिकबरोबर गेला. तसाच लावला. शिवाय मुलाचं बारसं, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, गणपती.

सगळ्यात अवघड होतं उत्पन्न. दोघींचंही तीन आर्थिक वर्षांचं दाखवावं लागतं, आणि त्यात मोठी तफावत असेल तर कमिटी थांबते. ताईला पगाराचा फॉर्म १६ मिळतो. माझ्या शिलाईच्या उत्पन्नाला कागद कुठला? तलाठ्याचा अहवाल घेऊन तहसीलदारांचा दाखला काढावा लागतो. अर्ज करताना एक वर्षाचा नको, तीन वर्षांचा मागा, तसा पर्याय असतो. आमचं नेमकं लोकसभेच्या निवडणुकीत सापडलं. ७ मे ला साताऱ्याचं मतदान होतं आणि सगळं तहसील ऑफिस त्यातच गुंतलेलं. दाखला हातात यायला मे संपत आला.

आणि बँक स्टेटमेंट. माझ्या खात्यात जुलै २०२३ मध्ये ताईकडून चाळीस हजार आले होते. मुलाच्या डिप्लोमाची फी. कोऑर्डिनेटरने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. "याची पावती आहे का?" आमच्याकडे पैसे कुणाचे आणि कुणी भरले असा हिशेब कधी ठेवलाच नव्हता. कॉलेजच्या ऑफिसमधून दुय्यम पावती आणली, तारखा जुळल्या, तेव्हा ती रेघ खोडली गेली. कुणी या वाटेने जाणार असाल तर आत्तापासून रुग्णाकडून दात्याच्या खात्यात काही घेऊ नका, अगदी किराण्याचेसुद्धा. दात्याचा तपासणीचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं कायद्याला चालतं, ते 'मोबदला' धरलं जात नाही. पण तेही पावत्यांसह आणि कोऑर्डिनेटरला सांगून करा. अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. २०२२ साली पुण्यातच एका रुग्णाची बायको म्हणून कोल्हापूरच्या बाईला उभं केल्याचं प्रकरण बाहेर आलं होतं, तिला पंधरा लाख कबूल केले होते. ते आठवलं की कमिटीच्या संशयाचा राग येत नाही. निदान मला आला नाही. नवऱ्याला आला.

कमिटीची पहिली तारीख २४ जून. पाच-सहा जण असतात. हॉस्पिटलचे, पण प्रत्यारोपणाच्या टीममध्ये नसलेले डॉक्टर, बाहेरचे मान्यवर, आणि सरकारचे प्रतिनिधी. सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. आधी ताईला, मग मला, मग नवऱ्याला वेगवेगळं आत घेतलं. मला विचारलं, किडनी काढल्यावर काय काय होऊ शकतं ते तुमच्या शब्दांत सांगा. कुणी मध्यस्थ आहे का? गेल्या वर्षात तुमच्या नावावर काही झालंय का, जागा, दागिना? दुसरी किडनी बिघडली तर? एका साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नणंद-भावजयीचं इतकं पटतं?"

"पटत नाही साहेब. भांडतो आम्ही. पण तिच्याशिवाय भांडणार कुणाशी?"

कुणी हसलं नाही. रेकॉर्डिंग चालू होतं ना!

मग अडलं. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिच्या संमतीची खात्री रुग्ण सोडून दुसऱ्याकडून करून घ्यायची, असं नियमच सांगतात. नात्याबाहेरच्या दात्याच्या जवळच्या माणसाचीही मुलाखत होते. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा नवरा, आणि तो रुग्णाचा सख्खा भाऊ. कमिटीतल्या मॅडम म्हणाल्या, "हे तर दोन्हीकडून त्यांचेच झाले. यांच्या माहेरचं कोण आहे?" नवऱ्याचा चेहरा पडला. पण वीस वर्षांच्या संसारात 'हिच्या बाजूचं कोण?' हा प्रश्न सासरच्या माणसांसमोर कुणी सरळ विचारला तो तेव्हाच. फाइल पुढच्या तारखेवर गेली, १५ जुलै.

माझं माहेर पंढरपूर. दादाचं दुकान देवळाजवळ, बुक्का-कुंकू, तुळशीच्या माळा, प्रसाद. १७ जुलैला आषाढी. वर्षाची निम्मी कमाई त्या आठवड्यातली. त्यात दादाचा या सगळ्याला विरोध, जानेवारीपासून तो माझ्याशी धड बोलत नव्हता. मी फोन केला तर म्हणाला, "येतो. पण मला वाटतं तेच सांगणार." वहिनीवर दुकान टाकून, वारीच्या गर्दीतून उलट्या दिशेने तो पुण्याला आला.

आत गेल्यावर त्याने खरंच सांगितलं. "माझा विरोध आहे, लिहून घ्या. माझी बहीण आहे, तिला एक पोर आहे, आणि आमच्या घरात बाईचं शरीर स्वस्त समजतात असं मला वाटतं." हे मला त्यानेच नंतर सांगितलं. त्यांनी शब्दन् शब्द नोंदवून घेतला. मग विचारलं, "तिच्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का?" दादा म्हणाला, "नाही. तिच्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्मायचाय."

नातेवाइकाचा विरोध नोंदवतात, विचारात घेतात, पण त्याने आपोआप नकार मिळत नाही. शेवटचा शब्द दात्याचा. मला पुन्हा आत बोलावून विचारलं, भावाचं ऐकल्यावर काय वाटतं? मी म्हटलं, तो म्हणतो त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि तरी मला द्यायची आहे.

बैठकीनंतर चोवीस तासांच्या आत निर्णय द्यावा लागतो आणि तो हॉस्पिटलच्या बोर्डावर लावतात. १६ तारखेला दुपारी कोऑर्डिनेटरने बोर्डाचा फोटो पाठवला. परवानगी. नकार आला असता तर तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं, त्याचा कागदही आम्ही तयार ठेवला होता.

शस्त्रक्रिया ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. दुर्बिणीतून काढली, ओटीपोटावर सिझेरियनसारखा आडवा छेद. माझं पोट कमी आणि खांदे जास्त दुखले. पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं असं, ते आधी माहीत असेल तर घाबरायला होत नाही. पाचव्या दिवशी मला सोडलं. ताईची किडनी टेबलावरच लघवी करायला लागली होती, त्यामुळे बाहेर सगळा आनंद तिकडे होता आणि मी माझ्या खोलीत विनाकारण रडत होते. दात्यांना असं होतं, हेही नंतर कळलं. बरोबर एक माणूस फक्त दात्यासाठी ठेवा. माझ्याजवळ दादा राहिला, आषाढीचा हिशेब फोनवर करत.

दोघींचा मिळून हॉस्पिटलचा खर्च साडेसात लाखांच्या आसपास आला. ताईने पतसंस्थेचं कर्ज काढून भरला आणि प्रतिपूर्तीसाठी बिलं जिल्हा परिषदेकडे लावली. ज्यांना लागू होते त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं आधी बघा, तिच्यात किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केलेली आहे. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या दात्याला बेचाळीस दिवसांची विशेष रजा मिळते. मशीनवर बसणाऱ्या बाईला कुठली रजा? सहा आठवडे वजन उचलायचं नव्हतं आणि मीही मशीनला हात लावला नाही. दिवाळीच्या ऑर्डरी शेजारणीला दिल्या.

डिस्चार्जच्या वेळी दात्याचं वेगळं कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि सगळे रिपोर्ट आपल्या नावाच्या फाइलमध्ये मागून घ्या. माझे अर्धे रिपोर्ट ताईच्या फाइलला टाचलेले होते, ते सोडवून घेतले. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा रक्तातला आकडा, किडनीचं काम कमी झालं की तो वाढतो. आधी माझं ०.७ होतं, आता १.१ च्या आसपास असतं. एका किडनीला ते चालतं, पण दात्याची फाइल न बघता वाचणारा नवा डॉक्टर दचकतो. ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखीच्या गोळ्या बंद. आरोग्यविमा काढताना एक किडनी असल्याचं लिहून द्यायचंच. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. ताईच्या तारखा सगळ्या घराला पाठ असतात, माझी कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आता दोघींचं रक्त एकाच दिवशी द्यायला जातो.